सांख्यिकीय आलेखांची प्रतिमारूपे

सांख्यिकीय आलेखांची प्रतिमारूपे : संख्यात्मक माहितीवरून संगणकाने काढलेला आलेख सॉफ्टवेअरबाहेर नेऊन छापील पृष्ठावर, पडद्यावर, भित्तिपत्रकावर किंवा दुसऱ्या लेखात वापरता यावा, म्हणून त्याला फाइलीचे जे स्थायी रूप द्यावे लागते, त्याला त्या आलेखाचे प्रतिमारूप म्हणता येईल. या रूपांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात चित्र साठविले जात नाही, तर चित्र काढण्याची कृती साठविली जाते : अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत इतक्या जाडीची रेषा, येथे वर्तुळ, तेथे ही अक्षरे. यास रेषारूप म्हणावे. दुसऱ्या वर्गात पृष्ठभागाचे बारीक चौकोनी ठिपक्यांत विभाजन करून प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदलेला असतो. यास बिंदुरूप म्हणावे. रेषारूप कितीही मोठे केले, तरी त्याच्या कडा रेखीव राहतात. बिंदुरूप मोठे केले, की ठिपके दिसू लागतात. हा भेद तांत्रिक वाटला, तरी आलेख वाचणारा त्यावरून काय समजतो आणि काय समजू शकत नाही, हे पुष्कळदा त्यावर अवलंबून असते.

पूर्वेतिहास : आकड्यांऐवजी रेषांनी बोलण्याची रीत स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) याने रूढ केली. त्याचा व्यापारी व राजकीय आलेखसंग्रह १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील आलेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेले आणि हाताने रंगविलेले होते. वर्तुळाचे खंड पाडून दाखविलेला आलेख त्याने १८०१ मध्ये प्रथम वापरला. क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंची कारणे दाखविण्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी १८५८ मध्ये जो पाकळ्यांसारखा आलेख तयार केला, तो रंगीत छपाईवर अवलंबून होता. रोगाने मेलेले, जखमांनी मेलेले व इतर यांतील फरक त्यात रंगांनीच कळतो. तो एका रंगात छापला, तर त्याचे म्हणणेच नाहीसे होते. म्हणजे आलेखाचे साधन आणि आलेखाचा आशय यांची ही गुंतागुंत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

महाराष्ट्रात शिळाछापाची परंपरा १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत छापलेल्या पंचांगापर्यंत मागे नेता येते. पंचांगातील कोष्टके व आकृत्या यांना शिळाछाप सोयीचा होता. पुढे खिळ्यांच्या छपाईत आलेख छापण्यासाठी ठसे करावे लागत. आरेखक शाईने पारदर्शक कागदावर आलेख काढी, अक्षरे हाताने किंवा साच्याने लिही, त्याचे छायाचित्र घेतले जाई, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने खोदले जाई आणि तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवून खिळ्यांच्या उंचीचा केला जाई. छायाचित्रासाठी मात्र हाफटोन ठसा लागे. त्यात चित्र जाळीतून घेऊन लहानमोठ्या ठिपक्यांत फोडलेले असे. वृत्तपत्राच्या कागदास जाड जाळी, आर्टपेपरला बारीक जाळी, हा हिशेब प्रत्येक छापखान्यास पाठ असे. रेखाटन हाफटोनमध्ये करू नये, कारण रेषांच्या कडा ठिपक्यांत विरतात, हेही तेथील जुने शहाणपण. आजच्या फाइलरूपांविषयी जे नियम सांगितले जातात, त्यांतील बरेचसे या शहाणपणाचेच नवे अवतार आहेत.

संगणकाचा प्रवेश : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यास ऋणकिरण नलिकेचा पडदा जोडलेला असून त्यावर अक्षरांप्रमाणे आलेखही दाखविता येत. परंतु पडद्यावरील चित्र टिकत नसे. साठोत्तर काळातील बहुतेक संगणककेंद्रांत आलेख म्हणजे ओळ-मुद्रकाने रुंद कागदावर उमटविलेली तारकाचिन्हांची रांग असे. मूल्य जितके मोठे, तितके चिन्ह उजवीकडे. कागद उभा धरला, की आलेख वाचता येई. पेन धरून कागदावर प्रत्यक्ष रेषा काढणारी आरेखयंत्रेही १९५९ पासून उपलब्ध होती; त्यांना ‘पेन उचल, येथे जा, पेन टेक’ अशा आज्ञा द्याव्या लागत. रेषारूपाचे मूळ या आज्ञांत आहे.

समाजशास्त्रासाठी एसपीएसएस (१९६८), पुढे सॅस, आणि १९८५ मध्ये स्टाटा ही सांख्यिकीय सॉफ्टवेअर एकामागून एक आली. आलेखाच्या दृष्टीने त्यांपेक्षाही महत्त्वाचे ठरले ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत १९७६ पासून जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले एस हे साधन. आलेख कशावर उमटणार याचा विचार आलेख काढणाऱ्याने करू नये, हे त्यामागील एक प्रमुख सूत्र होते. अभ्यासकाने आलेखाचे वर्णन करावयाचे आणि पडदा असो, पेनचे यंत्र असो वा फाइल असो, त्या त्या ‘साधना’स समजेल असे भाषांतर सॉफ्टवेअरने करावयाचे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० नंतर सुरू केलेल्या आर या मुक्त सॉफ्टवेअरने हीच रीत उचलली. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. आरमध्ये फाइल हेही एक साधनच असते : ते उघडावयाचे, त्यावर काढावयाचे आणि शेवटी बंद करावयाचे. बंद करण्याची आज्ञा विसरली, तर फाइल अपुरी राहते आणि उघडत नाही. नवशिक्यांचा एखादा दिवस तरी या विसराळूपणात जातो.

फाइलरूपे : एकाच आलेखाला इतकी रूपे का, याचे उत्तर त्यांच्या जन्मकथांत मिळते. पोस्टस्क्रिप्ट (१९८४) हे ॲडोबी कंपनीने लेसर मुद्रकांसाठी काढलेले पृष्ठवर्णन होते. लेखाच्या पानात बसविण्याजोगा त्याचा बंदिस्त प्रकार ईपीएस या नावाने आला आणि दोन दशके संशोधनपत्रिकांच्या छापखान्यांत प्रमाण मानला गेला. त्याच परंपरेतून १९९३ मध्ये पीडीएफ निघाले. २००८ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. टिफ (१९८६) हे मूळचे प्रतिमा टिपणाऱ्या स्कॅनर यंत्रांसाठीचे बिंदुरूप होय. जिफ (१९८७) हे दूरध्वनीच्या मंद तारांवरून चित्रे पाठविता यावीत म्हणून काढलेले. त्यातील संक्षेपणाची पद्धत एकस्वाखाली असून १९९४ च्या अखेरीस तिच्यासाठी शुल्क मागितले जाऊ लागले, तेव्हा अनेक संगणकतज्ञांनी मिळून मुक्त पर्याय उभा केला. तोच पीएनजी; १ ऑक्टोबर १९९६ रोजी जागतिक जाळ्याच्या मानकसंघाने त्याची शिफारस केली. रेषारूपासाठी याच संघाने सप्टेंबर २००१ मध्ये एसव्हीजी हे मानक दिले. त्यात अक्षरे अक्षरे म्हणूनच राहतात, त्यामुळे ती शोधता येतात व दुरुस्तही करता येतात.

जेपेग (१९९२) मात्र वेगळ्या कुळातील. ते छायाचित्रांसाठी आहे. त्यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील रंगबदल मंद व तीव्र घटकांत विभागले जातात आणि डोळ्यास क्वचितच जाणवणारे तीव्र घटक गाळले जातात. ज्या कोज्या रूपांतरावर हे आधारलेले आहे, ते १९७४ मध्ये बंगलोरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह मांडले होते. चेहरा, आकाश, झाडी यांना ही पद्धत मानवते. पांढऱ्यावर काळी रेषा म्हणजे मात्र तीव्र बदलाखेरीज दुसरे काहीच नसते. तेच गाळल्यावर रेषेभोवती राखाडी कचरा उमटतो. हाफटोनमधील रेखाटनाची तक्रार ती हीच.

धानोऱ्याचे उदाहरण : आलेखाच्या रूपाची चर्चा कोरडी वाटू नये, अशी एक जागा महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगढकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यातून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा जंगलाने व्यापलेला भाग. याच तालुक्यात चातगावजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे (स्थापना १९८६) शोधग्राम आहे. अर्भके का मरतात, हे गावोगाव मोजणे हे या संस्थेचे एक प्रमुख काम. जन्म व मृत्यू दोन्ही घरांतच घडत. मोजणी केली नाही, तर त्यांतील पुष्कळसे मृत्यू कोणत्याच वहीत उतरत नाहीत. महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयीचा ‘कोवळी पानगळ’ हा २००१ चा अहवाल नोंदीतील याच उणिवेवर बोट ठेवतो.

संस्थेने ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. त्याचा वृत्तांत डिसेंबर १९९९ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत आला. १९९३–९५ या मूळ काळात दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण प्रयोगगावांत ६२ व तुलनेच्या गावांत ५८ होते. तिसऱ्या वर्षी प्रयोगगावांत ते २५.५ वर आले; तुलनेच्या गावांतील बदल वजा धरून निव्वळ घट ६२.२ टक्के भरली. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. या पद्धतीचे राष्ट्रीय कार्यक्रमातील रूप म्हणजे आशा कार्यकर्तींनी नवजात बालकास घरी भेटी देण्याची योजना; तिची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने २०११ मध्ये काढली.

या आकड्यांचा आलेख साधा होतो : दोन रेषा, जवळजवळ एकाच उंचीवरून निघालेल्या, त्यांतील एक झपाट्याने खाली येणारी. शिक्षित-अशिक्षित, मंत्री-डॉक्टर सर्वांना तो एका दृष्टिक्षेपात कळतो. फाइलरूपाची निवड चुकली, तर त्याचे काय होऊ शकते ते पाहणे उद्बोधक आहे.

पहिला प्रश्न ठिपक्यांचा. छापखान्यास दर इंचास निदान ३०० ठिपके लागतात. १७ सेंमी. रुंद व १० सेंमी. उंच आलेखासाठी सुमारे २,००८ बाय १,१८१, म्हणजे साडेतेवीस लाखांहून अधिक ठिपके हवेत. आरमध्ये काही न सांगता पीएनजी फाइल काढली, तर ती ४८० बाय ४८० ठिपक्यांची निघते. छपाईच्या मापाने ती जेमतेम ४ सेंमी. रुंद होय. ती ताणून पानभर केली, की मुद्रकाला ठिपके मोठे करण्यावाचून गत्यंतर नसते. उलट बाजूस, वरील आकाराचा रंगीत आलेख संक्षेप न करता टिफमध्ये साठविला, तर सुमारे ७१ लाख अक्षरांक होतात, आणि नव्वदीच्या दशकातील १.४४ मेगाबाइटच्या लवचीक तबकड्या त्यासाठी पाच लागल्या असत्या. निव्वळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत तोच आलेख तीन लाख अक्षरांकांहूनही कमी जागेत मावतो. पत्रिका ‘रेखाचित्र’ आणि ‘रंगीत चित्र’ अशी वेगळी वर्गवारी मागत, त्याचे कारण हे आहे.

दुसरा प्रश्न जवळच्या रेषांचा. शून्य ते सत्तर हा उभा अक्ष २८० ठिपक्यांवर बसविला, तर दर एककास चार ठिपके येतात. ६२ आणि ५८ यांतील अंतर मग फक्त सोळा ठिपक्यांचे, म्हणजे जेपेगच्या दोन चौकोनांचे. त्या जागेत दोन बिंदू, दोन रेषा आणि त्यांची नावे असतात. जेपेगमध्ये हे सर्व एकमेकांच्या कचऱ्यात माखते आणि दोन्ही गावसमूह मुळात सारख्याच स्थितीत होते, ही प्रयोगाच्या विश्वासार्हतेची पहिली अट वाचकास पडताळता येत नाही. पीएनजीत किंवा रेषारूपात ही अडचण नाही.

तिसरा प्रश्न कमी चर्चिला जातो, पण सर्वांत गंभीर तोच आहे. खेड्यांतील जन्मांची संख्या लहान असते, म्हणून मृत्युदरासोबत त्याची अनिश्चितता दाखवावी लागते. ती बहुधा रेषेभोवतीच्या फिकट, अर्धपारदर्शक पट्ट्याने दाखवितात. पोस्टस्क्रिप्ट व ईपीएस यांत अर्धपारदर्शकतेची सोय नाही. आरमधून ईपीएस काढताना असा पट्टा मुकाट्याने गळतो; एक सूचना पडद्यावर येते खरी, पण ती फाइलीसोबत जात नाही. मागे राहते ती एक नितळ, ठाम रेषा. संशोधकाने जितके ठामपणे सांगितले होते, त्यापेक्षा अधिक ठामपणे आलेख बोलू लागतो. येथे चित्र बिघडलेले दिसत नाही, उलट अधिक स्वच्छ दिसते, आणि म्हणूनच हा दोष पकडला जात नाही.

चित्राची रुंदी-उंची बदलण्याचाही परिणाम असाच सूक्ष्म असतो. लेखात बसविताना एखाद्याने आलेख आडवा ओढला, तर उतरती रेषा मंदावते. उभा ओढला, तर तीच कोसळताना दिसते. बेल प्रयोगशाळांतील विल्यम क्लीव्हलंड यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह दाखविले, की रेषांचा कल सरासरीने ४५ अंशांच्या आसपास असता डोळा उतारांतील फरक सर्वांत नीट टिपतो. रंगांबाबत एवढेच सांगणे पुरे, की लाल व हिरवी रेषा झेरॉक्समध्ये सारख्याच राखाडी होतात. तालुक्याच्या ठिकाणी कागद झेरॉक्स होऊनच फिरतो; तेव्हा एक रेषा अखंड व दुसरी तुटक काढणे हे रंगांपेक्षा भरवशाचे.

देवनागरीची अडचण : वरील आलेख इंग्रजीत काढला, तर तो लंडनला जातो, मराठीत काढला, तर ज्या गावांनी आकडे दिले त्यांच्यापर्यंत तो परत जाऊ शकतो. हा दुसरा प्रवास बराच काळ अधिक खडतर होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेने तिचा प्रसार केला. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी समाविष्ट झाली. पण दैनंदिन वापरात होते ते निराळेच : रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अवयव बसविलेले टंक. असा टंक वापरून काढलेला आलेख ज्या संगणकावर तो टंक नाही तेथे उघडला, की गावांच्या नावांऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन गर्दी दिसे. यावर दोनच उपाय होते : अक्षरांच्या आकृतिरेषा करून टाकणे, अथवा आलेख बिंदुरूपात काढणे. दोन्हींत नावे दिसत, पण पुन्हा शोधता किंवा सुधारता येत नसत.

युनिकोडनेही प्रश्न लगेच सुटला नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठविला जातो, पण त्याच्या आधी दिसावा लागतो. जोडाक्षरांचे आकार तर नव्यानेच घडवावे लागतात. हे जुळणीचे काम ज्या सॉफ्टवेअरला येत नाही ते अक्षरे एकापुढे एक नुसती मांडते. ‘धानोरा’ हे नाव सुदैवी आहे. त्यात ना ऱ्हस्व इकार, ना जोडाक्षर, म्हणून ते अशा कमकुवत जुळणीतूनही बहुधा सुखरूप निघते. ‘गडचिरोली’तील चि मोडतो आणि ‘चंद्रपूर’मधील द्र सुटून हलन्त द व र असा दिसतो. आरच्या मूळ पीडीएफ साधनाची स्थिती याहून बिकट : ते एका अक्षरास एक अक्षरांक मानणाऱ्या टंकांवर बेतलेले असल्याने देवनागरी अक्षरांच्या जागी नुसती टिंबे छापत असे, आणि प्रत्येक वर्णास तीन अक्षरांक असल्यामुळे टिंबेही तिप्पट. आरमध्ये २००८ पासून आलेल्या कायरो या रेखनसंचावर आधारित साधनांनी ही कोंडी फोडली. अक्षरजुळणी जाणणाऱ्या संचाच्या साहाय्याने ती पीडीएफ, पीएनजी व एसव्हीजी या तिन्हींत मराठी शब्द नीट उमटवितात; मात्र योग्य टंक संगणकावर असावा लागतो आणि त्याचे नाव आज्ञेत स्पष्ट द्यावे लागते.

अलीकडील प्रवृत्ती : तयार चित्रच जपून ठेवण्याऐवजी ते चित्र ज्या आज्ञांनी निघाले त्या आज्ञा व मूळ आकडे जपण्याकडे कल वाढला आहे. लेखाच्या मजकुरातच आलेखाच्या आज्ञा गुंफण्याची पद्धत आरसाठी फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये मांडली. तीत आकडा दुरुस्त झाला, की आलेख व त्याचे प्रत्येक प्रतिमारूप पुन्हा निघते. संशोधनपत्रिका आता बहुधा रेषारूपासाठी पीडीएफ किंवा ईपीएस व बिंदुरूपासाठी टिफ मागतात. पडद्यावरील वाचनासाठी पीएनजी आणि एसव्हीजी चालतात. एका आलेखाच्या तीन-चार फाइली एकाच आज्ञेने काढून ठेवणे आता कोणत्याही साध्या संगणकावर काही क्षणांचे काम झाले आहे. मराठी नावांचे आलेख मात्र पाठविण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहण्याची सवय जाणकारांनी अद्याप सोडलेली नाही.